कॅनडाला निघालेल्या पुणेकरांसाठी आइस हॉकी: पक सोडा, माणसं बघा

दर वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यातली पुष्कळ मुलं वॉटर्लू, विंडसर, ऑन्टारियोतलं लंडन, कॅलगरी अशा ठिकाणी शिकायला निघतात. बॅगेत कुकर असतो, थर्मल असतात, मेतकूट आणि भाजणीची पाकिटं असतात. तिथे पोचून दीड-दोन महिने होतात, दसऱ्याच्या आसपास एनएचएलचा, म्हणजे तिथल्या नॅशनल हॉकी लीगचा, हंगाम सुरू होतो आणि लॅबमध्ये, ऑफिसात, बसस्टॉपवर सगळे एकाच विषयावर बोलू लागतात. आपण शेजारी उभे असतो आणि एक अक्षर कळत नाही. हा लेख त्या ऑक्टोबरसाठी आहे. जानेवारीत जाणाऱ्यांना हंगाम अर्ध्यावर सापडेल, मे महिन्यात जाणाऱ्यांना प्लेऑफच्या धुमाळीत, पण क्रम हाच ठेवावा.

माझं ठाम मत आहे की नवखे लोक या खेळाला चुकीच्या टोकाने हात घालतात. ते नियमांची पानं वाचून काढतात आणि मग टीव्हीवर तो काळा ठिपका शोधत बसतात. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कडक रबराची चकती. उसळू नये म्हणून ती सामन्याआधी गोठवून ठेवतात. जोरदार फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो, तेव्हा डोळा तिच्या मागे धावून दमतो आणि दहा मिनिटांत माणूस फोन हातात घेतो. आधी नजर तयार करायची. नियम तीन-चारच लागतात, आणि ते नजर बसली की आपसूक कळतात.

निघण्यापूर्वी, पुण्यातच

पहिलं काम म्हणजे आपली हॉकी एकदा प्रत्यक्ष बघा. पुणेकराला यासाठी लांब जावं लागत नाही. पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे, तिथे स्पर्धा होतात. खडकी तर धनराज पिल्लेंचं जन्मगाव. तिथल्या गल्ल्यांत आणि मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या स्टिक फिरली आहे. सामना बघायला गेलात की गोलच्या मागे, जमेल तितक्या उंचावर बसा आणि चेंडू ज्याच्याकडे नाही अशा एकाच खेळाडूवर पाच मिनिटं डोळा ठेवा. तो मोकळी जागा कशी शोधतो, प्रतिस्पर्ध्याला कसा आपल्यामागे ओढून नेतो, पास येण्याआधीच स्टिक कशी टेकवून ठेवतो, हे दिसायला लागेल. हीच सवय बर्फावर उपयोगी पडते.

मात्र मैदानी हॉकीतल्या काही समजुती इथेच सोडून जा. आपल्याकडे अकरा जण खेळतात, तिथे गोलकीपर धरून सहा. आपल्याकडे स्टिकची सपाट बाजूच चालते, तिथे पात्याच्या दोन्ही बाजू. मैदानी हॉकीतून ऑफसाइडचा नियम 1990च्या दशकात गेला, आइस हॉकीचा मात्र तो कणा आहे. आणि तिथे खेळ गोलच्या मागेही चालू राहतो. गोलरेषा आणि मागची भिंत यांत अकरा फुटांची पट्टी असते. वेन ग्रेत्झकी हा कॅनडाचा थोर खेळाडू तिथे उभा राहून पास द्यायचा, म्हणून त्या जागेला आजही ‘ग्रेत्झकीचं ऑफिस’ म्हणतात.

दुसरं काम म्हणजे एक जुना सामना नीट अभ्यासा. हायलाइट्स बघून हा खेळ कळत नाही, कारण त्यात फक्त गोल असतात आणि गोल का झाला ते कापून टाकलेलं असतं. मी सगळ्यांना एकच सामना सुचवते: 28 फेब्रुवारी 2010, व्हँकुव्हर ऑलिम्पिकची पुरुषांची अंतिम लढत, कॅनडा विरुद्ध अमेरिका. पूर्ण सामना मिळवा, आणि तो नाही मिळाला तर निदान शेवटची पाच मिनिटं आणि जादा वेळ सलग बघा. कॅनडा 2-1ने पुढे होता. जेमतेम चोवीस सेकंद उरलेली असताना झॅक पारिसेने बरोबरी केली. जादा वेळेत सिडनी क्रॉस्बीने गोल मारला आणि कॅनडाने 3-2ने सुवर्ण जिंकलं. तिथल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो गोल झाला तेव्हा आपण कुठे होतो हे तो सांगू शकतो.

हा सामना तीनदा बघा. पहिल्यांदा काहीच ठरवू नका, फक्त वेग अंगवळणी पडू द्या. दुसऱ्यांदा पारिसेच्या गोलाआधी अमेरिकेच्या गोलकडे बघा: तिथे गोलकीपर नाही. त्याचं कारण पुढे सांगते. तिसऱ्यांदा शेवटचा गोल हळू करून बघा आणि क्रॉस्बीवर नजर ठेवा. पक कोपऱ्यात, भिंतीलगत जरोम इगिन्लाकडे आहे. क्रॉस्बी ‘इगी’ अशी हाक मारत गोलच्या दिशेने सुटतो. इगिन्ला तोल जाऊन खाली पडत असतानाच पास सोडतो आणि पुढच्याच क्षणी पक गोलकीपर रायन मिलरच्या पायांमधून आत जातो. पकचा पाठलाग करणाऱ्याला यातलं शेवटचं अर्धं सेकंद दिसतं. माणसं बघणाऱ्याला त्याआधीची धाव, हाक आणि पडता पडता दिलेला पास दिसतो. या खेळाचं सौंदर्य तिथे आहे, आणि एकदा ते दिसलं की माणूस परत फोनकडे वळत नाही.

जमलं तर तिसरं काम: इनलाइन स्केटिंगचे थोडे धडे घ्या. पुण्यात लहान मुलांचे वर्ग जागोजागी चालतात, मोठ्यांना शिकवणारेही प्रशिक्षक असतात. एका ओळीतल्या चाकांवर तोल सावरता आला की बर्फावरचे पहिले दिवस खूप सोपे जातात.

आता रिंक वाचायला शिका

एनएचएलचं रिंक 200 फूट लांब, 85 फूट रुंद असतं, कोपरे गोलाकार. बर्फात दोन निळ्या रेषा आणि मधोमध एक लाल रेषा रंगवलेली असते. निळ्या रेषांमुळे रिंकचे तीन भाग होतात: आपला, मधला आणि त्यांचा. पहिले दोन आठवडे यातली समोरच्या संघाकडची निळी रेषा, एवढीच गोष्ट बघा.

ऑफसाइड म्हणजे इतकंच: पक ती निळी रेषा ओलांडण्याआधी हल्ला करणाऱ्या संघातला कुणीही दोन्ही पायांनी ती ओलांडू शकत नाही. त्यामुळे हल्ला करणारे खेळाडू भन्नाट वेगाने येतात आणि रेषेपाशी एक पाय मागे ठेवून, अंग वळवून, पकची वाट बघत क्षणभर लांबवतात. बचाव करणारे नेमकं तिथेच त्यांना अडवायला उभे राहतात. सामन्यातली निम्मी बुद्धी त्या रेषेवर खर्च होते. पक ताब्यात ठेवून रेषा पार केली तर हल्ला बांधता येतो. नाही जमलं तर पक कोपऱ्यात फेकून देतात आणि भिंतीशी झटापट करून परत मिळवतात. दोन्ही प्रकार मोजत बसा, कोणता संघ सामन्यावर पकड ठेवून आहे ते स्कोअरबोर्ड न बघता सांगता येईल.

आइसिंग हा दुसरा नियम. दबावाखालचा संघ लाल रेषेच्या आपल्या बाजूकडून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावून सुटका करून घेऊ बघतो, तेव्हा शिट्टी होते आणि खेळ परत त्यांच्याच गोलजवळ सुरू होतो. शिवाय त्यांना दमलेले खेळाडू बदलता येत नाहीत. ही दुसरी शिक्षा 2005-06च्या हंगामापासून आली आणि तीच जास्त जड आहे.

ती जड का, हे कळायला खेळाडूंची अदलाबदल समजून घ्यावी लागेल. खेळाडू मैदानात एका वेळी साधारण पाऊण मिनिटच असतो. त्या पाऊण मिनिटात तो जीव तोडून स्केट करतो आणि बाकावर येऊन बसतो, दुसरा कठड्यावरून उडी मारून आत जातो. खेळ थांबतच नाही. पुढे खेळणारे तिघा-तिघांच्या चार फळ्यांत वाटलेले असतात, बचावपटू तीन जोड्यांत. नव्या माणसाला हा नुसता गोंधळ वाटतो, पण प्रशिक्षकाचं खरं काम इथेच चालतं: समोरची सर्वांत धोकादायक फळी उतरली की आपली कोणती जोडी पाठवायची. एखादी दमलेली फळी आपल्याच भागात अडकून पडली आणि सव्वा मिनिट झालं तरी बाहेर येऊ शकली नाही, तर खुर्चीत पुढे सरकून बसा. गोल बहुतेकदा अशाच वेळी होतात.

सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचा. घड्याळ उलटं चालतं आणि प्रत्येक शिट्टीला थांबतं, म्हणून सगळं मिळून अडीच तास धरून चाला. मधल्या विश्रांतीत बर्फ गुळगुळीत करणारी झाम्बोनी गाडी फिरते. सगळी पोरं ती डोळे मोठे करून बघतात आणि तुम्हीही बघाल.

गोलकीपर निघून गेला तर घाबरू नका

हे दोन वेळा घडतं. सामना संपायला एक-दोन मिनिटं उरली आणि संघ एका गोलने मागे असला, की ते गोलकीपरला बाकावर बोलावून त्याच्या जागी सहावा हल्लेखोर पाठवतात. गोल उघडा पडतो, पण हरतच असू तर एका गोलने काय आणि दोन गोलने काय. पारिसेचा गोल असाच आला. दुसरी वेळ म्हणजे समोरच्या संघाने फाउल केलेला असतो आणि पंचाने हात वर केलेला असतो. त्यांनी पकला स्पर्श करेपर्यंत शिट्टी होणार नाही, म्हणून आपला गोलकीपर बिनधास्त धावत सुटतो आणि एक खेळाडू जास्तीचा येतो.

फाउल झाला की खेळाडू दोन मिनिटं काचेच्या खोक्यात जाऊन बसतो आणि त्याचा संघ गोलकीपर सोडून चौघांवर येतो. याला पॉवर प्ले म्हणतात. कबड्डीत समोरचे दोघे-तिघे बाद असताना चढाई करणाऱ्याची चाल जशी बदलते, तसा इथे अख्ख्या संघाचा नूर बदलतो. पाच जण समोर पसरून पक फिरवत राहतात आणि चार जणांचा चौकोन फुटण्याची वाट बघतात. साधारण पाचात एकदा गोल होतो. गोल झाला की बसलेला खेळाडू लगेच सुटतो, पण पाच मिनिटांची मोठी शिक्षा असेल तर ती पूर्ण भोगावी लागते. माझा अनुभव असा, की नवख्या माणसाला खेळाची पहिली गोडी पॉवर प्लेमधूनच लागते, कारण तिथे वेग जरा मंदावतो आणि मांडणी स्पष्ट दिसते.

मारामारीबद्दलही बोलायला हवं. अंगावर अंग घालून पक काढून घेणं नियमात बसतं, आणि ते कौशल्य आहे. हातमोजे टाकून ठोसे मारणं नियमात बसत नाही, त्याला पाच मिनिटांची शिक्षा आहे, तरीही एनएचएलमध्ये ते चालतं आणि प्रेक्षक उभे राहून ओरडतात. मला ते आवडत नाही. डोक्याला होणाऱ्या दुखापतींचं गांभीर्य आज सगळ्यांना माहीत आहे. तुम्हालाही नाही आवडलं तर तसं म्हणायला संकोचू नका. तिथे या विषयावर घरोघरी वाद आहेत. ऑलिम्पिकमध्ये आणि महिलांच्या हॉकीत हा प्रकार जवळजवळ दिसत नाही, आणि तो खेळ तितकाच रंगतो.

संघ एकच धरा

कॅनडात एनएचएलचे सात संघ आहेत: मॉन्ट्रियल, टोरंटो, ओटावा, विनिपेग, एडमंटन, कॅलगरी, व्हँकुव्हर. बाकी पंचवीस अमेरिकेत. तुमच्या गावाला जवळचा जो, तो आपला. जिंकणारा संघ शोधत हिंडू नका. एनएचएलच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनली कप टोरंटोने 1967पासून जिंकलेला नाही आणि कॅनडातल्या कुठल्याच संघाने 1993नंतर नाही. त्या वर्षी मॉन्ट्रियल जिंकलं होतं. एडमंटन 2024 आणि 2025 अशा सलग दोन अंतिम फेऱ्यांत फ्लोरिडाकडून हरलं. तिथली माणसं हे दुःख बाळगून असतात आणि त्यात सहभागी होणाऱ्याला लगेच आपलं मानतात. कॅलगरीत राहून एडमंटनची जर्सी मात्र विचार करूनच घाला.

संघातला एकच खेळाडू निवडा, शक्यतो गोल मारणारा नको. एखादा बचावपटू घ्या. महिनाभर प्रत्येक सामन्यात फक्त त्याची पाऊण-पाऊण मिनिटं बघा.

आणि घरात पंजाबी रूममेट असेल तर तुमचं नशीब चांगलं. ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या टीव्ही कार्यक्रमाचं पंजाबी समालोचन 2008मध्ये सुरू झालं. 2016च्या अंतिम फेरीत समालोचक हरनारायण सिंग यांनी निक बोनिनोने गोल मारल्यावर त्याच्या नावाचा ‘बोनिनो बोनिनो’ असा जो गजर केला, तो जगभर फिरला. आपल्याला पंजाबी पूर्ण नाही कळली तरी सूर कळतो, आणि वर्णनाची ती लय क्रिकेट ऐकून वाढलेल्या कानाला जवळची वाटते. भारतीय वंशाचे रॉबिन बावा 1989मध्येच एनएचएलमध्ये खेळले होते, हेही त्या गप्पांत कळेल.

तिकीट काढून प्रत्यक्ष जा, पण एनएचएलला नव्हे

टोरंटोच्या तिकिटाचा आकडा बघून विद्यार्थी हबकतो आणि नाद सोडतो. त्याची गरज नाही. सोळा ते वीस वयाच्या मुलांची ज्युनियर लीग गावोगावी आहे: किचनरला रेंजर्स, लंडनला नाइट्स, विंडसरला स्पिटफायर्स, ब्रॅम्प्टनला स्टीलहेड्स. लंडन नाइट्सने 2025मध्ये मेमोरियल कप जिंकला, म्हणजे देशातला सर्वोत्तम ज्युनियर संघ तुमच्या हॉस्टेलपासून बसच्या अंतरावर असू शकतो. विद्यापीठांचे संघ तर आणखी स्वस्तात बघायला मिळतात, ओळखपत्र दाखवून काही सवलत आहे का ते आधी विचारा. जानेवारी 2024मध्ये पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली, तिचे सामने टोरंटो, मॉन्ट्रियल, ओटावात होतात. पहिला प्रत्यक्ष सामना म्हणून मी तोच सुचवीन. खेळ स्वच्छ दिसतो आणि प्रेक्षकांत लहान मुली मोठ्या संख्येने असतात, त्यांचा उत्साह बघण्यासारखा असतो.

जाताना जाकीट न्या, आत थंडी असते. काचेलगतची खालची जागा दिसायला भारी, पण शिकणाऱ्याने वरच्या रांगेत कोपऱ्यात बसावं, तिथून फळ्या आणि रेषा उलगडतात. खेळ चालू असताना जागेवरून उठू नका, शिट्टीची वाट बघा. लोक याबाबतीत काटेकोर असतात. पक काचेवरून प्रेक्षकांत येऊ शकतो, तेव्हा फोनमध्ये मान घालून बसायची ही जागा नाही. एकाच खेळाडूने तीन गोल केले की लोक डोक्यावरच्या टोप्या बर्फावर फेकतात. महागडी लोकरी टोपी घालून गेला असाल तर टाळ्या वाजवा, तेवढं पुरतं.

प्रत्यक्ष गेल्यावर पहिल्यांदा आवाज जाणवतो. पाती बर्फ खरवडतात, पक स्टिकवर आपटतो, भिंतीवर दोन माणसं आदळली की अख्खी काच हादरते. टीव्हीवर यातलं काही पोचत नाही.

लोकांशी बोलताना

माहिती दाखवायला जाऊ नका, विचारा. ‘तुम्ही लहानपणी कुठला संघ धरला होता?’ या प्रश्नावर वयस्कर माणसं अर्धा तास बोलतात. 1972ची सोव्हिएत संघाविरुद्धची मालिका आणि शेवटची 34 सेकंदं उरली असताना पॉल हेंडरसनने मॉस्कोत मारलेला गोल, ही आठवण पुष्कळांनी शाळेच्या वर्गात टीव्ही बघून जपलेली आहे. ज्या दुकानात तुम्ही रोज कॉफी घ्याल, ते टिम हॉर्टन्सही 1964मध्ये एका हॉकीपटूने, टोरंटोच्या बचावपटूने, सुरू केलं.

स्वतः बर्फावर उतरा

हे शेवटी सांगते, पण डिसेंबर चुकवू नका. शहरांत महापालिकांची उघडी रिंक असतात, टोरंटोत सिटी हॉलसमोर नेथन फिलिप्स स्क्वेअरला आहे, ओटावात थंडी पुरेशी पडली तर रिडो कालव्यावर 7.8 किलोमीटरचा बर्फाचा रस्ता तयार होतो. स्केट भाड्याने मिळतात. हेल्मेट आणि हातमोजे घालाच. स्केट घोट्याशी घट्ट बांधा, गुडघे वाकवा, आणि चालल्यासारखं पाऊल पुढे न टाकता बाजूला रेटा. पडणार असं वाटलं तर मागे झुकू नका, कुशीवर पडा. चार वर्षांची पोरं शेजारून सुसाट जातील, त्यांना जाऊ द्या. एक फेरी पूर्ण झाली की टीव्हीवरचा खेळाडू उलटा स्केट करत समोरच्याला कसा अडवतो, याबद्दलचा आदर दुप्पट होतो.

पुण्यातल्या आईबाबांसाठी

मुलांबरोबर सामना बघायचा असेल तर वेळ जुळते, फक्त लवकर उठायची तयारी हवी. हिवाळ्यात टोरंटो आपल्या साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि पहिल्या चहापासून नाश्त्यापर्यंत चालतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून एप्रिलपासूनचे प्लेऑफ साडेचारला. मूल कॅलगरी किंवा एडमंटनला असेल तर दोन तास उशिरा, म्हणजे हिवाळ्यात साडेसातला. प्लेऑफमध्ये एक संघ चार सामने जिंकेपर्यंत मालिका चालते. बरोबरी झाली तर गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे जादा भाग खेळतात, तेव्हा ऑफिसची वेळ असेल तर निकाल फोनवरच घ्यावा लागेल. स्टॅनली कपचा शेवट जूनमध्ये होतो, पालख्या पुण्यात मुक्कामाला येण्याच्या सुमारास.